हेअरस्प्रे मारूनही केस केसांसारखेच दिसावेत यासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई जवळ आली की हेअरस्प्रेबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न, मग अडचणीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हेअरस्प्रे केसांवर नेमकं काय करतो? जेल आणि स्प्रेमध्ये फरक काय?

डब्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात. एक, राळेसारखं चिकटून सुकणारं पॉलिमर. दोन, ते ज्यात विरघळवलंय ते अल्कोहोल. तीन, फवारा बाहेर ढकलणारा वायू. हा वायू बहुतेक वेळा ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. बारीक थेंब केसांवर बसतात, अल्कोहोल उडून जातं आणि जिथे दोन केस एकमेकांना टेकलेले असतात तिथे पॉलिमरचा अगदी छोटा सांधा तयार होतो. असे असंख्य सांधे मिळून बट जागेवर राहते, पण मधला केस मोकळाच असतो, म्हणून ती हलतेही. जेल मात्र केसाला मुळापासून टोकापर्यंत माखतं आणि शेजारच्या केसांसकट त्याची जुडी करतं.

नैसर्गिक दिसण्याचं सगळं गणित इथेच आहे: सांधे पुष्कळ हवेत, पण बारीक हवेत. आणि स्प्रे केसांना वळण देत नाही, दिलेलं वळण फक्त धरून ठेवतो. वळणच कच्चं असेल तर डबा संपवूनही काही होत नाही (प्रश्न ४).

२. डबा किती लांब धरायचा आणि किती वेळ दाबायचा?

२५ ते ३० सेंटिमीटर. एक वीत आणि वर चार बोटं, हे माप हाताशीच असतं. एका जागी थांबायचं नाही. हात फिरता ठेवून दोन सेकंदांचा फवारा द्यायचा, ३०-४० सेकंद सुकू द्यायचं, मग पुढचा हात. सहा सेकंद सलग मारण्यापेक्षा दोन-दोन सेकंदांचे तीन हात केव्हाही चांगले. तीन हातांत थर पातळ बसतो आणि मधल्या वेळात कुठे कमी पडलंय ते दिसतं.

दहा सेंटिमीटरवरून मारलं तर थेंब उडायच्या आत केसांवर आपटतात, जागा ओली होते आणि बटा एकमेकींना चिकटून तारांसारख्या दिसतात. फारच लांबून मारलं तर उलटं होतं: थेंब हवेतच सुकायला लागतात आणि केसांवर भुकटीसारखे बसतात. खांद्यापर्यंतच्या मोकळ्या केसांना सगळे हात मिळून दहा-बारा सेकंद पुरतात. त्याहून जास्त लागतंय असं वाटलं तर चूक आधीच्या पायरीत शोधावी.

३. दुकानात 'फ्लेक्सिबल', 'स्ट्राँग', 'अल्ट्रा' असं काय काय लिहिलेलं असतं. घ्यायचा कोणता?

या शब्दांना आणि डब्यावरच्या आकड्यांना सगळ्या कंपन्यांसाठी सारखं असं माप नाही. एका कंपनीचा ३ दुसरीच्या ४ एवढा कडक असू शकतो. मोकळे केस, हलक्या लाटा किंवा ब्लो-ड्राय असेल तर फ्लेक्सिबल. अंबाडा, खोपा किंवा नाचाच्या कार्यक्रमासाठी स्ट्राँग. एकच डबा घ्यायचा असेल तर मधला घ्यावा आणि जिथे गरज आहे तिथेच एक हात जास्त द्यावा.

डब्यामागची यादी वाचायची सवय लावा. पीव्हीपी हे पॉलिमर हवेतला ओलावा ओढून घेतं. मुख्य पॉलिमर तेच असेल तर दमट हवेत केस चिपचिपतात. मुंबई, कोकण, गोवा इथे राहत असाल तर यादीत 'अ‍ॅक्रिलेट्स' किंवा 'ऑक्टिलअ‍ॅक्रिलामाइड' अशी नावं असलेला स्प्रे जास्त टिकतो. यादीत पाणी पहिल्या क्रमांकावर असेल तर तो स्प्रे सावकाश सुकतो आणि सेट केलेले केस थोडे ओले करतो, त्यामुळे वळणाच्या केसांना तो चालत नाही. हाताने दाबायच्या पंपाच्या बाटलीतून थेंब मोठे पडतात. ती अंबाड्याला ठीक, मोकळ्या केसांना डबाच बरा.

४. केस कुरळे करून घेते, वरून भरपूर स्प्रे मारते, तरी दोन तासांत सगळं वळण उतरतं. असं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा आहे आणि त्यात दोष बहुतेक वेळा स्प्रेचा नसतो. केसांच्या आत हायड्रोजन बंध असतात. पाण्याने आणि उष्णतेने ते सुटतात. केस वाळला आणि थंड झाला की ज्या आकारात असेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. वळण टिकतं ते या जुळण्यामुळे. गरम बट सोडून लगेच विंचरली तर बंध अर्धवट सरळ केसातच जुळतात. नंतरचा स्प्रे मग त्या अर्धवट वळणालाच धरून ठेवतो.

तयारी आदल्या दिवसापासून करावी. तेल लावलेलं असेल तर शाम्पू दोनदा. तेलाच्या थरावर पॉलिमर चिकटत नाही, नुसतं घसरतं. कंडिशनर फक्त टोकांना, मुळांना नाही. फार मऊ, निसरडे केस असतील तर त्याच सकाळी धुण्यापेक्षा आदल्या दिवशी धुतलेले केस वळण चांगलं धरतात. रंगवलेल्या केसांचा पृष्ठभाग थोडा खरखरीत असतो, त्यामुळे तेही बरे धरतात.

मग दमट केसांवर मूस, म्हणजे केसांना लावायचा फेस. खांद्यापर्यंतच्या केसांना लिंबाएवढा फेस, कमरेपर्यंत असतील तर संत्र्याएवढा. तो कंगव्याने पसरवायचा आणि केस पूर्ण वाळवायचे. थोडे ओले राहिलेले केस गरम दांड्यावर घातले की आतलं पाणी उकळतं, केस दुखावतो आणि वळणही टिकत नाही. उष्णतेपासून वाचवणारं द्रव्य आधी लावा. पातळ केसांना साधारण १५० अंश, जाड केसांना १८० अंश सेल्सिअस पुरे. दोन बोटं रुंदीची बट घ्या, आठ-दहा सेकंद धरा, दांड्यावरून अलगद तळहातावर उतरवा आणि वेटोळं मोडू न देता चापाने डोक्याला लावून ठेवा. सगळं डोकं झाल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. साडी नेसायची असेल तर ती याच वेळात नेसून घ्यावी.

चाप काढल्यावर कंगवा नको, बोटांनी सोडवा. वळण सुरुवातीला हवं त्यापेक्षा घट्टच दिसायला हवं, कारण अर्ध्या तासात ते थोडं उतरतंच. त्यानंतर स्प्रे, आणि तो आतून (प्रश्न ५).

५. स्प्रे मारला की केस टोपासारखे दिसतात. हात लावला की कडकड आवाज येतो. नैसर्गिक कसं दिसेल?

बहुतेक जण दिसणाऱ्या भागावर स्प्रे मारतात. खरं तर तो आधाराच्या भागावर मारायचा असतो. वरच्या बटा उचलून चापाने बाजूला करा. आतल्या थरांच्या मुळाजवळच्या चार बोटांवर एक-एक हात द्या. सुकल्यावर वरच्या बटा खाली सोडा. वरचे केस आता आतल्या केसांवर टेकून उभे राहतात, वर काहीच दिसत नाही, आणि हालचाल शाबूत राहते.

वरच्या थरासाठी स्प्रे थेट केसांवर न मारता मऊ ब्रशवर मारा, पाच सेकंद थांबा आणि तो ब्रश केसांवरून अगदी हलका फिरवा. टोकांसाठी तळहातावर मारून हात केसांत दाबावा. तरीही कडक झालंच तर पूर्ण सुकल्यावर बोटांनी बट हलकी चुरगाळावी. काही सांधे तुटतात, बाकीचे धरून राहतात. फ्लेक्सिबल स्प्रे असेल तर हे छान जमतं, स्ट्राँग असेल तर पांढरे कण पडू शकतात (प्रश्न ११).

६. भांगाजवळचे आणि कपाळावरचे बारीक केस उभे राहतात. त्यांच्यासाठी पूर्ण डोक्यावर मारावा लागतो का?

अजिबात नाही. एक स्वच्छ, मऊ टूथब्रश यासाठी वेगळा ठेवा. त्यावर १५ सेंटिमीटरवरून एक सेकंद फवारा द्या आणि केस ज्या दिशेने उगवतात त्याच दिशेने फिरवा. उलट दिशेने दाबलेला केस सुकला की परत उभा राहतो. कपाळावर फवारा थेट मारू नये. त्वचेवर चिकट थर बसतो आणि मेकअप फाटतो. हेअरस्प्रे हा मेकअप टिकवायचा स्प्रे नाही, चेहऱ्यावर तो मारायचाच नाही.

७. अंबाडा सैल होतो, गजरा खाली घसरतो. अंबाड्यावर किती स्प्रे मारायचा?

अंबाड्याचं वजन आकड्यांनी आणि पिनांनी पेलायचं असतं. पोनीचा रबर घट्ट, अंबाड्याच्या कडेने आकडे आतल्या दिशेने, आणि दर दोन बोटांवर एक. पिना गुळगुळीत असतात म्हणून सरकतात. त्या कागदावर पसरून स्प्रे मारा, सुकू द्या आणि मग खोचा. त्यांची पकड लगेच वाढते. बॉबपिनची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची, हेही पुष्कळदा उलटं होतं.

स्प्रेचे हात असे: पोनी बांधायच्या आधी मुळांवर एक, पिळा घालायच्या आधी पोनीच्या लांबीवर एक, आणि अंबाडा बांधून झाल्यावर दोन. त्यानंतर पूर्ण सुकू द्या आणि मगच गजरा माळा. मोगऱ्यावर, अबोलीवर स्प्रे पडला तर अल्कोहोलने पाकळ्या करपतात आणि तपकिरी पडतात. गजरा चुकूनही केसांवरच्या स्प्रेच्या भरवशावर ठेवू नका. तो दोऱ्यातूनच पिनेने अडकवा, चार-पाच ठिकाणी. भरगच्च, ओला गजरा जड असतो आणि त्याच्या पाण्याने खालचा थर मऊ पडतो, म्हणून माळण्याआधी पंचावर टिपून घ्यावा.

८. दागिने आधी घालू की स्प्रे आधी?

स्प्रे आधी, दागिने शेवटी. नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या यांत मोती असतात, आणि स्प्रेच्या थराने व अल्कोहोलने मोत्यांची झळाळी जाते. आजीकडून आलेल्या मोत्यांच्या बाबतीत इथे घाई करू नये. चुकून उडाला तर लगेच मऊ ओलसर कापडाने पुसून कोरडं करा. पैठणी किंवा कुठलंही रेशीम अंगावर असेल तर खांद्यांवर मोठा टॉवेल घ्या. थेंबांचे डाग रेशमावर दिसतात. चष्मा काढून ठेवा. घरातले मोठे कानाचं यंत्र लावत असतील तर तेही काढायला सांगा, कारण त्याची बारीक भोकं या थराने बुजतात. आणि गुळगुळीत फरशीवर उभं राहून मारू नका. खाली पडलेल्या थराने फरशी निसरडी होते.

९. लग्नात होम असतो, औक्षण असतं. स्प्रे मारलेले केस पेट घेतील का?

खरा धोका मारताना आणि मारल्यानंतरच्या काही मिनिटांत आहे. अल्कोहोल आणि वायू दोन्ही ज्वलनशील आहेत, आणि ज्योतीवर गेलेला फवारा भडकतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो, म्हणून भुईवरची समईसुद्धा दूर हवी. खोलीची खिडकी उघडी ठेवा. उदबत्ती, पणती, गॅस, सिगारेट काहीही जवळ नको.

थर पूर्ण सुकला की अल्कोहोल उडालेलं असतं. शेवटचा हात आणि लाजाहोमाला बसणं यात निदान पंधरा मिनिटं असू द्या. मांडवात, होमाजवळ 'जरासा टचअप' म्हणून डबा काढायचा नाही, हे पार्लरवाल्या ताईंनाही आधी सांगून ठेवा. केस मुळात जळणारेच असतात, तेव्हा मोकळ्या बटा औक्षणाच्या वेळी मागे घ्या. दिवाळीत फुलबाज्या लावतानाही तसंच.

१०. पावसाळ्यात मुंबईत काहीच टिकत नाही. आणि नागपूरच्या लग्नात केस उडत होते. दोन्हीकडे वेगळं करायचं का?

हो. दमट हवेत केस ओलावा पितो, प्रश्न ४ मधले बंध पुन्हा सुटतात आणि केस मूळ वळणावर जातो किंवा फुगतो. स्प्रे हा वेग कमी करतो, थांबवत नाही. म्हणून हवेशी भांडण्यापेक्षा तिला सोसणारी रचना निवडा. जुलैत कोकणात सरळ मोकळे केस ठेवण्याचा अट्टहास करू नये. सैल वेणी, अर्धे बांधलेले केस, अंबाडा हेच दिवसभर चांगले दिसतात. मूळचे कुरळे असतील तर कुरळेच ठेवा. ओलावा न ओढणारा स्प्रे घ्या (प्रश्न ३) आणि घाम आला तर मानेखालचे केस टिपा, चोळू नका. प्रत्यक्ष पावसात भिजल्यावर मात्र कुठलाही स्प्रे उपयोगाचा नाही.

विदर्भातल्या कोरड्या हवेत अडचण वेगळी: स्थिर विजेने केस एकमेकांपासून दूर पळतात आणि कडक थर तडकतो. तिथे फ्लेक्सिबल स्प्रे, प्लॅस्टिकऐवजी लाकडी कंगवा, आणि अगदी शेवटी सीरमचा एकच थेंब दोन्ही तळहातांवर चोळून फक्त टोकांना.

११. काळ्या केसांवर पांढरे कण दिसतात, लोकांना कोंडा वाटतो. काय चुकतंय?

सुकलेला थर तुटून त्याचे कण दिसतात. कारणं तीन-चार आहेत. सुकल्यावर कंगवा फिरवला, कालच्या स्प्रेवर आज पुन्हा मारला, फार लांबून मारला, किंवा खाली लावलेलं जेल आणि वरचा स्प्रे एकमेकांशी जमत नाहीत. हे शेवटचं घरीच तपासता येतं: तळहातावर जेलचा ठिपका घ्या, त्यावर स्प्रे मारा आणि बोटाने चोळा. गोळ्या झाल्या तर ती जोडी सोडा. कार्यक्रमाच्या मध्ये कण दिसले तर ओलसर बोटांनी तो भाग टिपा, थर मऊ होऊन बसतो. स्प्रे न लावताही कण पडत असतील, टाळू खाजत असेल, तर तो बहुतेक कोंडाच.

१२. स्प्रे मारून वर स्ट्रेटनर फिरवला तर वळण पक्कं होतं असं ऐकलं. खरं का?

साध्या स्प्रेच्या बाबतीत नाही. ओल्या थरावर गरम पट्टी लागली की चर्र आवाज येतो, पॉलिमर पट्टीला चिकटतं आणि पुढची प्रत्येक बट ओढली जाते. उष्णतेबरोबर वापरायचे स्प्रे वेगळे असतात आणि डब्यावर तसं लिहिलेलं असतं. तेही पूर्ण सुकल्यावरच. पट्टीवर तपकिरी थर साचला असेल तर यंत्र बंद करून, गार झाल्यावर, अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा.

१३. सकाळी लग्न, संध्याकाळी रिसेप्शन. मधे केस धुवायला वेळ नाही. दोन रचना कशा करायच्या?

सकाळचा अंबाडा मूस आणि आकड्यांवर उभा करा, स्प्रे फक्त दोन हात. केस पिळून बांधलेले असतील तर संध्याकाळी सोडताच त्यांत आपोआप लाटा पडलेल्या असतात. बोटांनी मोकळ्या करा, आतून एक हात द्या, झालं. सकाळीच स्ट्राँग स्प्रेचे पाच हात दिले तर संध्याकाळी नवीन रचना जवळपास अशक्य. उलटा क्रम, म्हणजे सकाळी मोकळे आणि संध्याकाळी अंबाडा, हाही सोपा: थोडा जुना स्प्रे असलेले केस अंबाड्यात छान धरतात.

१४. रात्री स्प्रे काढायचा कसा? विंचरताना केसांचे पुंजके हातात येतात.

कोरडे विंचरू नका, नुकसान तिथेच होतं. आधी सगळे आकडे-पिना मोजून काढा. जितक्या खोचल्या तितक्या निघाल्या पाहिजेत. अक्षता झटकून घ्या. मग खोबरेल तेल तळहातावर चोळून केसांच्या लांबीला लावा, दहा मिनिटं थांबा. गुंता बोटांनी टोकाकडून वर असा सोडवा, नंतर रुंद दातांचा कंगवा. कोमट पाणी, शाम्पू दोनदा, मग कंडिशनर. थकवा फारच असेल तर निदान पिना काढून सैल वेणी घालून झोपा आणि सकाळी हे करा.

१५. हेअरस्प्रेने केस गळतात का?

स्प्रे केसाच्या वर बसतो, मुळाशी वाढ होते तिथे पोहोचत नाही. हातात येतात ते बहुतेक तुटलेले केस असतात, जोरात विंचरल्याने (प्रश्न १४). महिनोन्‌महिने फार ताणून बांधलेल्या पोनीमुळे मात्र कपाळाची रेघ खरोखर मागे सरकते. रोज वापरत असाल तर टाळूपासून दूर मारा आणि आठवड्यातून दोन-तीनदा धुवा.

१६. गंगावन लावलं आहे. त्यावर चालेल का?

खऱ्या केसांचं असेल तर चालतं. कृत्रिम धाग्याचं असेल तर थर धुऊन लवकर निघत नाही, म्हणून जोडावर आणि आपल्या केसांवरच मारा. कृत्रिम धाग्याला गरम दांडा लावू नका, वितळतो.

१७. हेल्मेट किंवा फेटा घालायचा आहे. आधी स्प्रे मारू का?

नको. सुकलेला थर दाबाखाली मोडतो आणि केस त्या दाबलेल्या आकारात अडकतात. हेल्मेटखाली सैल वेणी किंवा मानेवर पोनी, आणि पोचल्यावर मुळाशी एक हात. नवरदेवाने फेट्याखाली काहीच लावू नये. फेटा उतरल्यावर ओलसर बोटांनी केस उचलून मग स्प्रे.

१८. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलीला मारला तर? घरात दम्याचा रुग्णही आहे.

लहान मुलांना पाणी आणि थोडं जेल पुरतं. लागलाच तर स्प्रे कंगव्यावर मारून कंगवा फिरवा. दमा असलेल्या माणसाने त्या खोलीत थांबू नये. गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी मारा, श्वास रोखून, डोळे मिटून.

१९. घरी करता येईल असं काही? साखरेचं पाणी चालतं म्हणतात.

साखरेचं पाणी सुकल्यावर कडक होतं, पण दमट हवेत चिकट होतं आणि मुंग्या येतात. त्यापेक्षा जवस चांगली. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळा, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच गाळा. थंड झाल्यावर गाळलं जात नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. हे जेल आहे, स्प्रे नव्हे. कुरळ्या केसांना आणि भांगाजवळच्या बारीक केसांना उत्तम, अंबाड्याला अपुरं.

२०. डबा अर्धा भरलेला आहे पण फवारा येत नाही. गाडीत, विमानात नेला तर चालतो का?

तोंडावर पॉलिमर सुकलेलं असतं. वरचं बटण ओढून काढा, गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, पुसून परत बसवा. डब्याच्या नळीत सुई घालू नका. डबा ५० अंशांवर तापू द्यायचा नसतो, म्हणून उन्हात उभ्या गाडीत तो कधीही ठेवू नका. विमानात चेक-इन सामानात प्रत्येक डबा ५०० मिलिलिटरपर्यंत आणि अशा सगळ्या वस्तू मिळून दोन लिटरपर्यंत असा सर्वसाधारण नियम आहे, झाकण घट्ट हवं. हातातल्या सामानाचे नियम कडक असतात, ते आपल्या विमान कंपनीकडून आधी विचारून घ्या. संपलेला डबा भोसकू किंवा जाळू नका.